हो म्हणजे काय हो?

माझ्या तोंडून आजवर सगळ्यांत जास्त वेळा बाहेर पडलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. तो शब्द म्हणजे 'हो'. बँकेत मी चौतीस वर्षं नोकरी केली ती या एका अक्षराच्या भांडवलावर. साहेब म्हणाले, "आजच्या आज हिशेब जुळेल ना?" मी म्हणालो, "हो." खातेदार म्हणाला, "माझं प्रकरण उद्या पुढे सरकेल ना?" मी म्हणालो, "हो." युनियनवाले म्हणाले, "संपात आहात ना?" त्यांनाही "हो." आणि साहेबांनी आत बोलावून, "तुम्ही संपात नाही ना?" असं विचारलं, तेव्हाही "हो"च. हा शेवटचा 'हो' फार कसबाचा होता. 'हो, आहे' की 'हो, नाही', हे साहेबांना मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं.

बँकेत मला माझ्यामागे 'होयबा' म्हणत. एकदा मला समोरच कुणीतरी विचारलं, "तुम्हांला सगळे होयबा म्हणतात, हे खरं का?" सवयीनं मी "हो" म्हणून गेलो.

घरी तर माझी ओळखच या अक्षरावर उभी आहे. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नसत, 'अहो' म्हणत. मला हा शब्द पुष्कळ दिवस मोठा आदराचा वाटे. पुढे एका संस्कृतच्या प्राध्यापकांनी माझा भ्रम दूर केला. ते म्हणाले, "संस्कृतात शब्दाआधी 'अ' लागला की तो नकार. ज्ञान, अज्ञान. सत्य, असत्य. तेव्हा अहो म्हणजे ज्याचा 'हो' धरायचा नसतो असा तो." ही व्युत्पत्ती शंभर टक्के खोटी आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आमच्या घरात ती ताबडतोब मान्य झाली. "येताना कोथिंबीर आणाल ना?" "हो." एवढा संवाद झाला की आमची ही शेजारणीकडून कोथिंबिरीची जुडी मागून आणते आणि मगच कढीपत्त्याची फोडणी टाकते.

या एवढ्याशा अक्षरावर मराठीनं जेवढं ओझं लादलं आहे, तेवढं हमालावरही कुणी लादत नाही. 'हो' म्हणजे होकार. 'हो?' म्हणजे आश्चर्य. 'हो का!' म्हणजे तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही. 'होऽऽ' असं लांबवलं की, कळलं हो, किती वेळा सांगाल. 'हो-हो' असं दोनदा म्हटलं की काम होणार नाही, हे नक्की समजावं. 'मोठा हो' हा आशीर्वाद, 'बाजूला हो' हा अपमान. आणि भाषणाला उभं राहिलेला माणूस 'सभ्य स्त्रीपुरुषहो' म्हणतो, तेव्हा तो समोरच्यांच्या शेपटाला एकेक 'हो' आधीच बांधून टाकतो. पुढच्या तासाभरात जे काही सांगायचं आहे त्याला संमती घेऊन ठेवलेली बरी. मीही तेच करतो. वाचकहो, आता मी तुम्हांला बुलढाणा जिल्ह्यात घेऊन जाणार आहे. चलणार ना?

म्हटलंत ना 'हो'? आता उठून कोण येतंय ते दिसेलच.

सोनाळा हे माझं आजोळ. मुंबई-हावडा लोहमार्गावर शेगावला उतरायचं, बाहेर एस. टी. पकडायची आणि उत्तरेकडे तोंड करून बसून राहायचं. समोर आडवा सातपुडा दिसायला लागला, आणि आता ही गाडी डोंगरावरच चढते की काय असं वाटलं, की सोनाळा येतं. तालुका संग्रामपूर. गावात संत सोनाजी महाराजांचं देऊळ, त्यांची यात्रा. मागे डोंगरात अंबाबरव्याचं जंगल. ते आता अभयारण्य आहे आणि मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात मोडतं. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. त्यामुळे त्या मुलखात कानावर एक भाषा पडतच नाही. गावात वऱ्हाडी, बाजारात हिंदी, वरच्या वस्त्यांत कोरकू. आणि शेजारच्या जळगाव-जामोद तालुक्यात निहाली नावाची एक अशी भाषा आहे, की जिचं नातं जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी अजून कुणाला जुळवता आलेलं नाही. मोजकीच माणसं ती बोलतात. चार हातांवर चार भाषा. आणि माणसं मात्र एकमेकांच्या बैलांची नावंसुद्धा ओळखणारी. मामांच्या शेतावर डोंगरातून एक कोरकू गडी यायचा. त्यानं लहानपणी मला एक शब्द शिकवला होता: 'कोरो' म्हणजे माणूस. आणि 'कोरकू' म्हणजे अनेक माणसं. मी तो शब्द पाठ केला, आणि ठेवणीतल्या कपड्यासारखा विसरून गेलो. पुढे तो फार उशिरा उपयोगी पडला.

सोनाळ्याला 'हो'ला 'हाव' म्हणतात. आमची ही पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा सोनाळ्याला आली तेव्हा मामींनी तिच्या हातात पुरणपोळ्यांचं ताट देऊन तिला वाढायला लावलं. मामांच्या पानापाशी थांबून तिनं विचारलं, "मामा, अजून एक वाढू?" मामा म्हणाले, "हाव." ही बिचारी गोरीमोरी झाली. "छे हो मामा, हाव कसली? दोनच तर घेतल्यात!" क्षणभर पंगतीत कुणालाच काही कळेना. मग जे हसू उसळलं ते मामांच्या उपरण्यात पुरणाचा ठसका जाऊन थांबलं. पुण्यात जी लोभाची हाव, ती सोनाळ्यात संमतीची. शे-दीडशे कोसांच्या आत, एकाच भाषेत, एकाच अक्षरावर माणूस हावरा ठरतो किंवा राजी ठरतो.

परंतु गंमत अशी की, मामांच्या तोंडून हा 'हाव' ऐकू येणं ही जेवणापुरतीच गोष्ट होती. एरवी मामा 'हाव' म्हणत नसत. ते 'पाहू' म्हणत. कुणी यावं, "उद्या बैलजोडी देता का?" मामा म्हणत, "पाहू." तो मनातल्या मनात मामांना चिक्कू म्हणत निघून जाई, आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मामांचा गडी बैल घेऊन त्याच्या दारात उभा. मी यात्रेत पिपाणी मागितली, "पाहू." मी भोकाड पसरलं, रडून रडून झोपी गेलो, सकाळी उशाशी पिपाणी. अखेर मी एकदा विचारलंच, "मामा, देणार असता तर आधी 'हाव' का म्हणत नाही?"

मामा म्हणाले, "हाव म्हनलं का मंग करा लागते, बापू. पाहू म्हनून केलं तं कोनी रागावत नाई."

मला तेव्हा हे शेतकऱ्याचं अतिसावधपण वाटलं. पावसाची वाट पाहण्यात ज्याचा जन्म गेला, तो दुसरं काय म्हणणार? ढगांनीसुद्धा आजवर त्याला 'हो' म्हणून पाठ फिरवलेली. पण मामा करायचंच असं ठरवत, तेव्हा एक वेगळीच रीत होती. ते 'हाव' गाळून सरळ क्रियापद उचलत. "देता का?" "देतो." "येता का?" "येतो." ते ऐकलं की समोरचा माणूस पुढचं काही न बोलता उठत असे. व्यवहार संपला.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. टाळण्यासारखा होता तेवढा वेळ टाळला.

दरवर्षी यात्रेच्या आधी मामांचा फोन येई. आधी तालुक्याच्या ठिकाणाहून ट्रंककॉलसारखा ओरडून, पुढे घरच्या फोनवरून, अलीकडे नातवाच्या मोबाईलवरून. वाक्य ठरलेलं. "यंदा यात्रेले येशीन ना, बापू?" आणि माझंही उत्तर ठरलेलं. "हो-हो, मामा! म्हणजे काय!" फोन ठेवला की मी परत वर्तमानपत्रात डोकं घालत असे. न जाण्याचं कारण असं कधीच नव्हतं. जायचं असं मी कधी ठरवलंच नव्हतं, तर न जाण्याला कारण कशाला लागतं? म्हाताऱ्या माणसानं प्रेमानं विचारलं, आपण प्रेमानं 'हो' म्हटलं, दोघांनाही बरं वाटलं. असं सात वर्षं चाललं.

आठव्या वर्षी वैशाखात शेगावला एका लग्नाला गेलो होतो. एवढं आलोच आहोत तर सोनाळ्याला डोकावून येऊ, म्हणून न सांगता गेलो. ओसरीत एक बाज उभी करून ठेवलेली, तिच्यावर घडी केलेली गोधडी. मामी सहज म्हणाल्या, "हे तुही बाज." मला वाटलं, मी आलो म्हणून. तर नाही. ती बाज दर यात्रेला आडवी होई. गोधडी धुऊन, वाळवून तिच्यावर पडे. रात्रीच्या पंगतीत एक पान झाकून ठेवलं जाई, कारण "पुन्याची गाडी उशिरा येते". आणि शेवटची एस. टी. येऊन जाईपर्यंत मामा ओसरीत कंदिलाशी, पुढे विजेच्या दिव्याखाली, बसून राहत. मी आलो नाही की दोघं म्हणत, पोराला काही अडचण आली असेल. सात वर्षांत त्यांनी माझ्या नावावर सात खरोखरीच्या अडचणी जमा केल्या होत्या. एका वर्षी तर मामींनी माझ्या प्रकृतीसाठी सोनाजी महाराजांना नवस बोलला होता. मी त्या रात्री पुण्यात नाटकाला गेलो होतो. नाटक विनोदी होतं.

"मामा, अहो, फोन करून विचारायचं तरी!" मी चिडून म्हणालो. आपली चूक असली की माणूस प्रथम चिडतो.

"काहून विचारू?" मामा म्हणाले. "तू हो म्हनला होता ना."

मग बराच वेळ सुपारी कातरत बसले. आणि अगदी खरोखरीच्या कुतूहलानं, राग नाही, टोमणा नाही, एखाद्या नव्या बियाण्याची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "बापू, तुह्या पुन्यात 'हो' म्हंजे काय असते?"

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर शोधण्यासाठी मी पुण्याला परत आलो तो थेट ग्रंथालयात गेलो. मनात आशा अशी होती की, जगाच्या पाठीवर कुठेतरी अशी एखादी भाषा सापडेल, जिच्यात माझा 'हो' निर्दोष सुटेल. वकील नाही का, कायदा आपल्या बाजूनं नसला की विलायतेतले खटले काढतात, तसं.

सुरुवात फार आशादायक झाली. इटालियन भाषेत 'हो' लिहितात आणि 'ओ' म्हणतात. अर्थ, 'माझ्यापाशी आहे.' ठीक. नॉर्वेत लिहिण्याच्या दोन रीती आहेत, त्यांपैकी एकीत 'हो' म्हणजे 'ती'. हे आमच्या घरी सांगितलं नाही. व्हिएतनामी भाषेत तर बहारच आहे. तिथे सूर बदलला की शब्द बदलतो. एका सुरात 'हो' म्हणजे तळं, दुसऱ्यात खड्डा, तिसऱ्यात आडनाव, चौथ्यात वाघ! हो ची मिन्ह यांच्या नावातला 'हो' तळ्याच्या सुरातला. आणि अगदी सपाट, बिनसुराचा 'हो' म्हणजे खोकला. मला एकदम हलकं वाटलं. फोनवर मी मामांना 'हो-हो' म्हणत होतो, तो खोकला होता असं सांगता आलं असतं. शिवाय मामींचा नवसही लागू पडला असता.

मग होकाराकडे वळलो. ग्रीक लोक 'ने' म्हणतात, म्हणजे हो. त्यांना लागूनच बल्गेरिया आहे. तिथे 'ने' म्हणजे नाही, आणि मान आडवी हलवली की हो. त्या सीमेवर सोयरिकी कशा जुळत असतील, देव जाणे. पण खरा दिलासा दिला तो जपाननं. जपानी माणूस 'हाय' म्हणतो. कोशात अर्थ 'हो'. परंतु बोलण्याच्या ओघात तो जे 'हाय, हाय' करतो त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की, 'ऐकतोय, पुढे बोला.' संमतीचा त्याच्याशी संबंध असतोच असं नाही. याला म्हणतात सुधारलेला देश! मी मामांना हेच तर म्हणत होतो. ऐकतोय, मामा, पुढे बोला. माझी चूक एवढीच की मी जपानीत बोललो आणि त्यांनी वऱ्हाडीत ऐकलं.

इथे थांबलो असतो तर सुटलो असतो. पण ग्रंथालयात बसण्याचा हाच धोका असतो. पुढचं पान उलटलं जातं.

पुढच्या पानावर आपल्या 'हो'चं कूळ होतं. 'होय' हे 'होणे' या क्रियापदाचं रूप. संस्कृतात 'भवति', प्राकृतात त्याचं 'होइ', आणि मराठीत 'होय'. मूळ धातू 'भू'. म्हणजे हो म्हणणं म्हणजे, ही गोष्ट घडते, असं म्हणणं. याच धातूच्या भावकीत इंग्रजीतलं 'बी' येतं, फारसीतलं 'बूदन' येतं, आणि लॅटिनमधलं 'फुतूरुस', म्हणजे 'होणार असलेलं', तेही येतं. त्यावरून इंग्रजांनी 'फ्यूचर' केलं. तेव्हा मामांना दर वर्षी मी फोनवर जे देत होतो ते साधं अक्षर नव्हतं, भविष्यकाळाचा एक तुकडा होता.

बरं, हा आर्य भाषांचाच हट्ट असेल म्हणावं, तर दक्षिणेत तेच. कानडी माणूस 'हौदु' म्हणतो. कानाला तो आपल्या 'हो'चा चुलतभाऊ वाटतो, पण नातं काही नाही. कानडीचं घराणंच वेगळं. आणि तरीही त्या 'हौदु'च्या मुळाशी कानडीतलं 'होणे'च आहे. तेलुगूचं 'अवुनु' तसंच. तमिळचं 'आम' तसंच. एकमेकांना न विचारता निरनिराळ्या घराण्यांनी होकारासाठी एकच शब्द पसंत केला: होईल. जणू सगळ्यांच्या आज्यांनी एकाच विहिरीवर बसून ठरवलं असावं.

लॅटिनमध्ये 'हो'साठी असा एक शब्दच नव्हता. लोक नडले, मग ज्यानं त्यानं आपापली सोय केली. कुणी 'असं' म्हणायला लागला, त्याचं इटलीत आणि स्पेनमध्ये 'सी' झालं. कुणी 'हे त्यानं' अशा अर्थाचे दोन शब्द जोडले, ते झिजून झिजून फ्रान्समध्ये 'वी' उरलं. दक्षिण फ्रान्समध्ये नुसतं 'हे' म्हणत, त्याचं झालं 'ओक'. दान्ते या इटालियन कवीनं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला या भाषांची वाटणी केली ती त्यांच्या होकारांवरून: ही 'सी'ची, ही 'ओक'ची. तिथल्या एका प्रांताला 'लांगदोक', म्हणजे 'ओकची भाषा', असं नावच पडलं. पुण्यातल्या आमच्या परिचयाच्या ओकांना मी हे सांगितलं. त्यांना आनंद झाला. तोवर ते स्वतःला कोकणातले समजत होते.

आयरिश भाषेत हो आणि नाही, दोन्ही शब्द नाहीत. चिनीतही सगळीकडे चालेल असा एक 'हो' नाही. मग हे लोक करतात काय? क्रियापद उचलतात. "येणार का?" "येणार." "देणार का?" "देणार." मी पुस्तक मिटलं. कारण मला सोनाळ्याची ओसरी दिसायला लागली होती. मामांनी आयर्लंड पाहिलेलं नाही, चीन पाहिलेला नाही. पण 'हो'ची चोरवाट त्यांनी स्वतःच बुजवून टाकली होती. 'हो' म्हणणाऱ्याला कामाचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. क्रियापद म्हणायचं तर ते काम निदान तोंडात तरी धरावं लागतं.

आता तर अक्षरही उरलेलं नाही. मोबाईलवर निरोप येतो, आपण अंगठ्याचं चित्र पाठवतो. झाला होकार. आमच्या लहानपणी अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं होतं. विचार केला तर चित्राचा अर्थ फारसा बदललाय असं नाही.

भाषाशास्त्र उलटल्यावर मी तत्त्वज्ञानाच्या कपाटाकडे गेलो. तिथे कांट होता. हा जर्मन तत्त्वज्ञ आपलं कोनिग्सबर्ग गाव सोडून फारसा कुठे गेला नाही, त्यामुळे 'येतो' म्हणून न जाण्याचा प्रश्न त्याच्यापुढे पडला नसावा. त्यानं १७८५ साली कर्जाचं उदाहरण दिलं आहे. परत करणार नाही हे मनात पक्कं असताना 'परत करीन' असं म्हणून पैसे घेणारा माणूस. कांट विचारतो, असं सगळेच करू लागले तर? मग वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, वचन ही चीजच उरणार नाही. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला यात नवीन काही वाटलं नाही. कर्जदार आम्ही ओळखून होतो. पण मी कर्ज कुठे घेतलं होतं?

मला हवी ती सोडवणूक त्यानंच पुढे १७९८ साली छापलेल्या एका पुस्तकात मिळाली. तिथे तो बराच मवाळ झाला आहे. वय होत आलं की होतात. तो म्हणतो की सौजन्य, गोड बोलणं, ही समाजात फिरणारी चिल्लर आहे. तिची किंमत सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तिनं कुणी फसत नाही. अगदीच काही नसण्यापेक्षा ही चिल्लर चलनात असलेली बरी. ती खरं सोनं समजून घेणारा तो लहान मूल.

मी जवळजवळ टाळी वाजवली. हेच तर माझं म्हणणं! माझा 'हो' चिल्लर होता. पुण्यात तो सगळे चिल्लर म्हणूनच घेतात. "या एकदा घरी." "हो, नक्की." म्हणणारा आणि ऐकणारा दोघेही निश्चिंत, कुणी बाज टाकत नाही, कुणी पान झाकत नाही. आणि अशा चिल्लरीवर शहराचं अर्धं बरं चाललंय, हेही खोटं नाही. प्रत्येकाला 'येणार नाही' असं तोंडावर सांगत सुटलो, तर संध्याकाळपर्यंत एक माणूस बोलायला उरणार नाही.

पण मग रात्री झोप येईना. कारण हिशेबात एक आकडा जुळत नव्हता, आणि तो आकडा सोनाळ्याचा होता. कांटच्या हिशेबानं मामा लहान मूल ठरत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा, दुष्काळ पाहिलेला, बोंडअळी पाहिलेला, सावकार आणि सोसायटी दोन्ही पचवलेला माणूस, मूल? ज्याचा 'हाव' मिळवायला लोक चकरा मारत, त्याला चिल्लर आणि सोनं यांतला फरक कळत नव्हता? तसं नव्हतं. ते स्वतः चिल्लर वापरतच नव्हते. ज्याच्या खिशात फक्त बंदी नाणी असतात, तो समोरून आलेलं नाणंही बंदंच समजतो. हा त्याचा अडाणीपणा नव्हे. तो आपल्याला स्वतःच्या बरोबरीचं धरतो, एवढंच. मी सात वर्षं पुण्याची चिल्लर देत होतो, आणि सोनाळ्यात ती सोनं म्हणून जमा होत होती. गुन्हा खोटं बोलण्याचा नसेलही. पण घेणारा काय समजून घेतोय हे ठाऊक असताना तेच नाणं पुढे सरकवणं, याला आमच्या बँकेत वेगळा शब्द होता, आणि त्यासाठी माणसं घरी जात.

ग्रंथालयातला शेवटचा दिवस. कोरकू भाषेवर काही वाचायला मिळतं का पाहत होतो. निव्वळ आजोळच्या ओढीनं. तिथे कळलं की कोरकू ही मुंडा घराण्यातली, त्या घराण्याचं पश्चिमेकडचं टोक. तिच्या बहिणी दूर पूर्वेला आहेत: संथाळी, मुंडारी. आणि झारखंडच्या सिंगभूम भागात, ओडिशात बोलली जाणारी आणखी एक. तिचं नाव 'हो'. भाषेचंही नाव 'हो', लोकांचंही नाव 'हो'. लाको बोदरा नावाच्या गृहस्थांनी तिच्यासाठी वारंग क्षिती ही वेगळी लिपी तयार केली. आणि त्या भाषेत 'हो' या शब्दाचा अर्थ आहे माणूस. कोरकूतला 'कोरो' तोच तिकडे 'हो'. शेतावरच्या त्या कोरकू गड्यानं पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी मला जो शब्द दिला होता, त्याची ही धाकटी बहीण.

आपल्या 'हो'चा आणि त्या 'हो'चा काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. 'अहो'ची व्युत्पत्ती सांगणारे प्राध्यापक मी नव्हे. नुसता योगायोग. पण मामांच्या प्रश्नाला जर कुठे उत्तर असेल, तर ते या योगायोगाइतकं जवळ मला दुसरीकडे मिळालं नाही. 'हो' म्हणजे काय असते? हो म्हणजे माणूस असते, मामा. ओसरीत दर वर्षी बाज टाकली जात होती ती माझ्यासाठी नव्हेच, माझ्या 'हो'साठी. तुमच्यापाशी तेवढाच मी होतो.

परवा फोन आला. नातवाच्या मोबाईलवरून, नेहमीसारखाच ओरडून. आता त्यांना कमी ऐकू येतं. "यंदा यात्रेले येशीन ना, बापू?"

माझ्या जिभेवर 'हो-हो' येऊन उभं राहिलं. चौतीस वर्षांची सवय. ती काय एका ग्रंथालयानं जाते? आमची ही पलीकडे भाजी निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं. मी 'हो' गिळला. गिळताना तो अडकला, म्हणून खोकलो. व्हिएतनामीत तेही 'हो'च म्हणावं लागेल, पण त्याला इलाज नाही. आणि मग मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून म्हणालो, "मामा, येतो."

पलीकडे शांत झालं. मला वाटलं, फोन तुटला. मग सुपारी कातरल्याचा आवाज आला.

"पाहू," मामा म्हणाले.